जंतू दिसला नाही, पण पोट बरं झालं का? : एच. पायलोरी आणि जठरातली वस्ती

सोलापूरची लेक (धागालेखिका) · १८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात जे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, ते गेल्या महिन्यात आप्पांच्या रिपोर्टात वाचायची वेळ आली. म्हणून हा धागा.

आप्पा आता ६७ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात ३१ वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. चार वर्षांपूर्वी छातीत जळजळ आणि पोटात दुखणं वाढलं म्हणून दुर्बीण घातली, तुकडा तपासला. हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजेच एच. पायलोरी, हा जठरात राहणारा जिवाणू निघाला. डॉक्टरांनी १४ दिवसांचा औषधांचा संच दिला. सहाव्या दिवशी आप्पांनी तो थांबवला, कारण तोंडात सतत नाणं धरल्यासारखी चव यायची आणि भाकरी घशाखाली उतरत नव्हती. दुखणं तोवर थांबलं होतं. पुढे रोज सकाळी पित्ताची, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची एवढंच चालू राहिलं. मी घरात असून मागे लागले नाही. ते मला लागून राहिलंय.

यंदा दिवाळीत ते जिना चढताना धापा टाकायला लागले, पायाला मुंग्या. हिमोग्लोबिन ९.२, बी १२ फारच कमी. पुन्हा दुर्बीण. रिपोर्टात लिहिलं होतं की जठराच्या मुख्य भागातलं अस्तर विरळ झालंय, म्हणजे ॲट्रॉफी, आणि काही ठिकाणी जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर आलंय, म्हणजे इंटेस्टायनल मेटाप्लेझिया. मग दोन छोट्या ओळी. ‘पृष्ठभागावर मिश्र जिवाणू.’ ‘हेलिकोबॅक्टर आढळले नाहीत.’

आईने शेवटची ओळ वाचली आणि सिद्धेश्वराला नारळ फोडून आली. शेजारी पेढे गेले. मी मात्र त्याच्या आधीच्या ओळीवर अडकले.

आपल्याकडे समज असा की जठरात इतकं आम्ल असतं की तिथे काही जगत नाही. कित्येक दशकं वैद्यकातही तोच समज होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हा वळणदार जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न करत होते. तबकड्या दोन दिवसांनी रिकाम्या दिसत म्हणून फेकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीमुळे काही तबकड्या जास्त दिवस उबवणीपेटीत राहिल्या आणि त्यांवर वसाहती उगवल्या. १९८४ मध्ये मार्शल यांनी हा जंतू स्वतःच पिऊन पाहिला. आठवड्याभरात मळमळ, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. पण तिच्यामुळे दुसरा एक समज पक्का झाला, की जठरात राहतो तो हा एकटाच.

तसं नाही. जनुकांच्या तुकड्यांवरून जंतू ओळखायची पद्धत आली आणि प्रयोगशाळेत न वाढणारेही दिसायला लागले. २००६ मध्ये अमेरिकेत २३ जणांच्या जठराचे तुकडे तपासले, त्यांत १२८ प्रकारच्या जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. स्ट्रेप्टोकॉकस, प्रिव्होटेला, व्हेलोनेला, रोथिया, निसेरिया ही नावं त्यांत नेहमी दिसतात. संख्या अर्थातच थोडी. मोठ्या आतड्यात एका मिलिलिटरमागे एकावर ११ शून्यं एवढे जिवाणू असतात, जठरात साधारण शंभर, हजार, फार तर दहा हजार. वस्ती विरळ आहे, पण आहे.

आता या वस्तीत एच. पायलोरी शिरतो तेव्हा काय होतं, हा माझा खरा विषय.

त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. जठररसात युरिया असतोच. त्याचे तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतो. अमोनियाने त्याच्या अवतीभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं शमतं. तेवढ्या सवलतीत तो शेपट्या हलवत, मळसूत्रासारखा फिरत, चिकट श्लेष्मात घुसतो आणि पेशींच्या जवळ जाऊन बसतो. तिथे आम्ल पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. एकदा बसला की औषधाशिवाय सहसा आयुष्यभर हलत नाही. काही लागण झालेल्या माणसांच्या तुकड्यांत सापडलेल्या जिवाणूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक हा एकटाच निघाला. तळ्यावर जलपर्णी पसरली की खालचं काही दिसत नाही, तसं.

पण जलपर्णीने तळं झाकणं वेगळं आणि तळ्याचं पाणीच बदलणं वेगळं. हा जंतू वर्षानुवर्षांत पाणी बदलतो. जठराच्या खालच्या टोकाशी, म्हणजे अँट्रममध्ये त्याचा जोर असेल तर आम्ल करायला लावणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. वरच्या मुख्य भागात जोर असेल तर उलटं. आम्ल करणाऱ्या पेशी झिजतात आणि आम्ल घटतं. याच पेशी बी १२ शोषायला लागणारा घटकही बनवतात. आप्पांच्या पायाच्या मुंग्यांचा धागा तिथे जाऊन मिळतो.

आम्ल घटलं की वेशीवरचा पहारा उठला. रोज लिटर-दीड लिटर लाळ आपण गिळतो, तिच्यातून तोंडातले जिवाणू उतरतच असतात. एरवी ते मरतात किंवा पुढे निघून जातात. आता टिकतात, वाढतात. खालून आतड्यातलेही वर येऊन राहतात. आणि ज्याने हे सगळं घडवलं त्या एच. पायलोरीला हे घर नकोसं होतं. तो आम्लाच्या घरात राहायला बनलेला. आतड्यासारख्या झालेल्या अस्तरावर त्याला नीट चिकटता येत नाही आणि शेजारी दाटी झालेली. त्याची संख्या घटत जाते, कधी कधी तो सापडतही नाही.

म्हणून ‘हेलिकोबॅक्टर आढळले नाहीत’ ही ओळ निरोगी जठरातही येते आणि दमलेल्या जठरातही. आमच्या घरी पेढे वाटले गेले ते बहुधा दुसऱ्या कारणाचे होते.

हे आईला कसं सांगायचं, तेवढं मला अजून जमलेलं नाही.


विजापूर वेस · १९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

ताई, वाचून सकाळचा चहा गार झाला. माझी आई ६१ वर्षांची, रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी, गेली दहा वर्षं. कुणी कधी विचारलं नाही की का चालू आहे. दुर्बीण कधीच झालेली नाही. तुम्ही म्हणता आम्ल कमी झालं की पहारा उठतो, मग ही गोळी तेच करते ना? म्हणजे आम्ही रोज आपल्या हाताने वेस उघडतोय का?


पोटविकार डॉक्टर · १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

लेखिकाताईंनी विषय उत्तम मांडलाय. एक दुरुस्ती मात्र ताबडतोब करतो, कारण तिच्यावर तुमच्या आप्पांचा पुढचा उपचार अवलंबून आहे.

तुकडा घेतला तेव्हा आप्पा पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी घेत होते का? तुमच्या लिहिण्यावरून घेत असावेत. या गोळ्या चालू असताना एच. पायलोरी दबतो, अँट्रममधून मागे सरतो, आणि तुकड्यात, श्वासाच्या चाचणीत किंवा विष्ठेतल्या अँटिजेनच्या, म्हणजे जंतूच्या अंशाच्या तपासणीत दिसत नाही. असतो, पण दिसत नाही. शिवाय ॲट्रॉफी झालेल्या जागेचा तुकडा असेल तर तिथे तो नसतोच, शेजारच्या बऱ्या अस्तरात असू शकतो. म्हणून तुमचं ‘जंतू आपोआप निघून गेला’ हे अनुमान शक्य आहे, पण सिद्ध नाही. गोळी किमान दोन आठवडे बंद, अँटिबायोटिक आणि बिस्मथ किमान चार आठवडे बंद, आणि मग तपासणी. या काळात जळजळ झालीच तर साधं अँटासिड चालतं.

रक्तातली अँटिबॉडी करू नका. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. तिच्यावरून आता लागण आहे की पूर्वी होती ते कळत नाही. रुग्ण तोच कागद घेऊन येतात आणि पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक खातात.

विजापूर वेस, तुमच्या आईंची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. इतकी वर्षं घेतलेली गोळी अचानक सोडली की आम्ल उसळून वर येतं, माणूस म्हणतो बघा गोळीशिवाय चालत नाही. डॉक्टरांना दाखवून कारण शोधा, मग हळूहळू कमी करा. काहींना ती खरंच लागते, उदाहरणार्थ रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर. तुमची शंका मात्र बरोबर आहे. या गोळ्या घेणाऱ्यांच्या विष्ठेत तोंडातले जिवाणू जास्त सापडतात, हे २०१६ च्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं.


सोलापूरची लेक · १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

डॉक्टरसाहेब, घेत होते. तुकडा घेतला त्या सकाळीसुद्धा. मी हा प्रश्न विचारायला हवा होता. उद्यापासून गोळी बंद करतो, त्यांच्या डॉक्टरांशी आत्ताच फोनवर बोलले.

वरचं लिखाण तसंच ठेवते, खोडत नाही. माझं अनुमान चुकलं असेल तर ते इथेच दिसू दे.


यंत्रमाग · १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, लई मनापासून लिवलंय. तुमच्या आप्पांसारखीच आमची गत. रात्रपाळी, दोन घास कवा मिळतील त्याचा नेम नाही, वर चहा आन विडी. आमच्या खात्यात दहातल्या सात जणांना पित्त. सगळे म्हणतात शेंगाचटणी आन तिखट भज्यानं व्हतं. डॉक्टरसाहेब, ते खरं हाय का? चटणी सोडायची म्हणजे जेवायचं कशाशी?


पोटविकार डॉक्टर · २० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

दादा, तिखटाने जळजळ वाढू शकते, पण अल्सर तिखटाने होत नाही. बहुतेक अल्सरांमागे हा जंतू असतो किंवा दुखण्याच्या गोळ्या. अंगदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांकडे आधी बघा, कारखान्यात त्या फार चालतात. मीठ हा खरा मुद्दा आहे. फार खारवलेलं रोजच्या रोज खाणं आणि जठराचा कर्करोग यांचा संबंध पक्का आहे. शेंगाचटणी खा, मीठ बेताने घाला.

विडी सोडाच. धूम्रपान करणाऱ्यांत एच. पायलोरीचा उपचार फसण्याचं प्रमाण जास्त असतं. पाळी संपवून दुर्बिणीचा खर्च करणं सगळ्यांना जमत नाही हे मला माहीत आहे. वजन आपोआप घटणं, काळी शौच, गिळायला त्रास, रक्त कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर मात्र सिव्हिलला जाऊन दुर्बीण करून घ्या, थांबू नका.


कंबर तलाव · २० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

मूळ लेखातल्या वस्तीच्या कल्पनेवर एक शंका. मी जनुक-विश्लेषणाच्या क्षेत्रात काम करतो, सध्या पुण्यात, घर सोलापूरचं. तुकड्यात एखाद्या जिवाणूचं डीएनए सापडलं म्हणजे तो तिथे राहतो असं होत नाही. मेलेल्या जिवाणूचंही डीएनए मिळतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर लाखो माणसं येतात, त्या दिवशी मोजदाद केली तर सोलापूरची लोकसंख्या भलतीच निघेल. लाळेबरोबर आलेले पाहुणे आणि जठराचे रहिवासी वेगळे कसे करणार?

दुसरं, तुम्ही उल्लेख केलेल्या २००६ च्याच अभ्यासात एच. पायलोरी असलेल्या आणि नसलेल्या माणसांत बाकीच्या वस्तीची घडण फारशी वेगळी दिसली नव्हती. ते लिहायला हवं होतं.


सोलापूरची लेक · २० नोव्हेंबर, रात्री ११:००

दादा, दोन्ही मुद्दे मान्य आणि दुसरा राहून गेला ही माझी चूक.

पहिल्यावर उत्तर असं की डीएनएऐवजी आरएनए तपासलं तर त्या घडीला जिवंत आणि कामात असलेले कोण, याचा अंदाज बांधता येतो. आणि नुसत्या रसापेक्षा अस्तराच्या तुकड्यातले जिवाणू जास्त भरवशाचे. गड्डा उठल्यावर बाळीवेशीत कोण दुकान उघडतो ते बघायचं, म्हणजे रहिवासी कळतात.

दुसऱ्यावर मला वाटतं फरक रोगाच्या टप्प्याचा आहे. कोलंबियाचे पेलायो कोरेया यांनी ही साखळी १९७५ मध्ये मांडली. आधी सूज, मग ॲट्रॉफी, मग मेटाप्लेझिया, मग डिसप्लेझिया, म्हणजे पेशींची घडण बिघडणं, आणि थोड्यांच्या बाबतीत कर्करोग. सूज असली तरी आम्ल शाबूत आहे अशा टप्प्यावर जंतू असो की नसो, बाकीच्यांना फार वाव मिळत नाही. आम्ल ढासळल्यावर चित्र पालटतं. पोर्तुगालमध्ये २०१८ साली ५४ कर्करोगाचे आणि ८१ जुनाट सुजेचे रुग्ण तुलनेला घेतले. कर्करोग झालेल्या जठरांत एकूण वैविध्य कमी, हेलिकोबॅक्टर कमी, आणि एरवी आतड्यात राहणारे जिवाणू जास्त. नायट्राइटपासून एन-नायट्रोसो संयुगं करण्याची क्षमताही त्या वस्तीत जास्त दिसली, आणि ही संयुगं पेशीच्या डीएनएला इजा करतात. कोरेयांनी तेव्हा साधारण हाच तर्क लढवला होता, आम्ल घटलं की नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणू वाढतात म्हणून.

आता कारण कोण आणि परिणाम कोण. माणसात ते सुटं करणं अवघड. उंदरांवरचा एक प्रयोग मी मुलांना दरवर्षी सांगते. गॅस्ट्रिन जास्त तयार होईल असे जनुक बदललेले उंदीर घेतले. काही पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, त्यांच्या पोटात दुसरं काहीच नाही. त्यांना एकट्या एच. पायलोरीची लागण केली. काही नेहमीसारखे, पोटात भरगच्च वस्ती असलेले, त्यांनाही तीच लागण. दुसऱ्या गटात कर्करोगाकडे जाणारे बदल लवकर आणि जास्त झाले, एकटा जंतू असलेल्यांत फार सावकाश. हे २०११ चं. पुढे २०१४ मध्ये त्याच चमूने नुसत्या तीन प्रकारचे जिवाणू बरोबर सोडले, तर तेवढ्यानेही वेग जवळपास तसाच आला. दार उघडणारा एक आणि आत येऊन घर पोखरणारे दुसरे, असं तरी उंदरात दिसतं.

मला हा प्रयोग शिकवताना आजवर तो उंदरांचाच वाटत होता. परवा शिकवताना आवाज थांबला.


ज्वारीची भाकरी · २१ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

लेकी, मी तुझ्या आईच्या वयाची. तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. आम्ही पूर्व भागात चाळीत राहिलो, एका खोलीत अकरा माणसं. बाळाला भाकरी मऊ करून द्यायची म्हणून आजी स्वतः चावून भरवायची. मीही माझ्या थोरल्याला तसंच भरवलं. त्यातून हे पसरतं का? आणि आमच्याकडे नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांआड येतं, बॅरल भरून ठेवतो. त्याचं काय?


सोलापूरची लेक · २१ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काकू, पसरतं. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, तोही घरातच, आईकडून, भावंडांकडून. तोंडातून तोंडाला, आणि हात-पाणी-विष्ठेतून. दाटीच्या घरांत जास्त. चावून भरवण्याचा संबंधही अभ्यासांत आढळलाय. पण तुम्ही किंवा आजीने काही वाईट केलं नाही हो. भाकरी कडक होती आणि बाळाला दात नव्हते, घरात मिक्सर नव्हता. आता नातवंडांना दुधात कुस्करून द्या.

बॅरलचं पाणी उकळून प्यायचं, झाकण ठेवायचं, लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं, हात आत बुडवायचा नाही. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांत हा जंतू असतो आणि आपल्या देशात तर निम्म्याहून जास्त लोकांत. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. आपल्याकडे लागण इतकी असून जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे, हे शास्त्रज्ञांना अजून कोडं आहे.


पोटविकार डॉक्टर · २२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

काकूंना दिलेल्या उत्तराला पूर्ण सहमती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलं, हे मात्र लक्षात असू द्या. घरात जठराचा कर्करोग झालेलं जवळचं माणूस असेल तर तपासून घ्या.


सोलापूरची लेक · १० डिसेंबर, रात्री ८:४५

गोळी बंद करून सोळा दिवसांनी विष्ठेचा नमुना दिला. लॅबवाल्यांनी तो पुण्याला पाठवला. आज रिपोर्ट आला.

एच. पायलोरी अँटिजेन पॉझिटिव्ह.

डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर ठरलं. जंतू गेला नव्हता. गोळीच्या आड, जठराच्या उरलेल्या बऱ्या भागात बसून होता. चार वर्षांपूर्वी सहा दिवसांच्या औषधाने त्याचं काही बिघडलं नाही, उलट अर्धवट अँटिबायोटिकने तो निबर झाला असण्याची शक्यता आहे. म्हणून या वेळी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा संच टाळून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौपदरी संच १४ दिवसांसाठी दिलाय.

विचित्र म्हणजे मला हायसं वाटलं. जंतू आहे म्हणजे काढता येईल असं काहीतरी आहे. आईला मी स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘नारळ वाया नाही गेला, वेळेत कळलं ना.’


अक्कलकोट रोड · ११ डिसेंबर, सकाळी ९:००

ताई, दोन महत्त्वाचे अँटिबायोटिक एकदम म्हणजे आतड्यातली चांगली वस्तीही धुऊन निघणार. घरचं दही, ताक भरपूर चालू ठेवा. मेडिकलवाला प्रोबायोटिकची पाकिटंही देतो, ती द्यावीत का?


सोलापूरची लेक · ११ डिसेंबर, रात्री १०:२०

दादा, एक गोष्ट आधी, कारण आमच्याकडे पहिल्याच दिवशी ही चूक होणार होती. टेट्रासायक्लिन दूध, दही, ताकाबरोबर घ्यायचं नाही. त्यातल्या कॅल्शियमला ते बांधलं जातं आणि अंगात उतरत नाही. आप्पांना जेवणाच्या शेवटी ताक लागतंच. गोळी आणि ताक यांत आम्ही तीन तासांचं अंतर ठेवलंय, भिंतीवर कागद चिकटवलाय. लोहाच्या गोळीलाही तोच नियम.

दह्यातले लॅक्टोबॅसिलस जठरात घर करत नाहीत, वाटसरू आहेत. तरी उपाय म्हणून नव्हे तर सोबत म्हणून उपयोग आहे. काही प्रोबायोटिकांनी या उपचारातले जुलाब आणि मळमळ कमी होते, सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट त्यांतलंच. माणसाला कोर्स पुरा करायला बळ मिळालं तर तेही थोडं नाही. डॉक्टरांना विचारून पाकीट सुरू केलंय. नुसत्या दह्याने किंवा पाकिटाने एच. पायलोरी जात मात्र नाही.

आतड्यातली वस्ती धुऊन निघते हे खरं. तैवानमधल्या मोठ्या अभ्यासात, २०१९ च्या, उपचार संपताच वैविध्य घसरलेलं दिसलं, आणि पुढच्या काही महिन्यांत, वर्षभरात ते बऱ्याच अंशी पूर्वपदावर आलं. म्हणजे किंमत मोजावी लागते, पण तात्पुरती. गरज नसताना उगाच मोजू नये एवढंच.


सोलापूरची लेक · १९ डिसेंबर, पहाटे ५:३०

आप्पा आत्ता मला उठवायला आले. शौचाचा रंग काळाशार बघून घाबरले होते. रक्त पडतंय असं वाटलं त्यांना. जीभही काळी झालीय. हे बिस्मथमुळे होतं, औषध संपलं की जातं. कोर्स घेणाऱ्या कुणाच्या घरी हा धागा वाचला जात असेल तर आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहाटे धावपळ होणार नाही. बिस्मथ किंवा लोह चालू नसताना शौच डांबरासारखी काळी झाली तर मात्र तडक दवाखाना.

तोंडातली ती नाण्याची चव या वेळीही आहे. लवंग धरून बसतात. आठवा दिवस चालू आहे. मागच्या वेळी सहाव्या दिवशी सोडलं होतं, ती रेघ आम्ही ओलांडली.


यंत्रमाग · १९ डिसेंबर, सकाळी ६:१०

पाळीवरून आलो आन वाचलं. आप्पांना म्हनावं, ताणा बांधलाय तर ठाण पुरं करून उठायचं, मधी सोडायचं न्हाई.


सोलापूरची लेक · १९ डिसेंबर, दुपारी १:००

वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, ‘कुठल्या कारखान्यातला हाय?’


सोलापूरची लेक · १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

१४ दिवस पुरे झाले होते. त्यानंतर सहा आठवडे थांबलो, त्यातले शेवटचे दोन आम्लाच्या गोळीशिवाय. मधल्या काळात गड्डा झाला, आप्पा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अर्धा रस्ता चालले, धाप न लागता. बी १२ ची इंजेक्शनं चालू आहेत, हिमोग्लोबिन ११.४ झालंय.

आज रिपोर्ट आला. अँटिजेन निगेटिव्ह. या वेळी गोळीच्या आडचा निगेटिव्ह नाही.

आता पुढचं, कारण डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं आणि ते इथे नोंदवायला हवं. सूज उतरेल. ॲट्रॉफी काही अंशी भरून येऊ शकते. मेटाप्लेझिया झालेली जागा बहुधा तशीच राहील. म्हणजे जंतू गेला तरी जठर पूर्वीचं होणार नाही, आणि आम्ल कमी असलेल्या भागात ती मिश्र वस्ती काही प्रमाणात राहणारच. म्हणून तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण, ठरवून ठिकठिकाणचे तुकडे घेऊन. चार वर्षांपूर्वी, अस्तर शाबूत असताना, कोर्स पुरा झाला असता तर यातलं बरंच टळलं असतं. अस्तर विरळ होण्याआधी जंतू काढला तर फायदा सगळ्यात जास्त.

रोजची पित्ताची गोळी डॉक्टरांनी बंदच ठेवलीय. ज्या जठरात आम्लच थोडं उरलंय, तिथे ती कशासाठी चालू होती, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

आई आणि मी, दोघींची तपासणी झाली. माझी पॉझिटिव्ह आली. माझा कोर्स सोमवारपासून.


ज्वारीची भाकरी · ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

लेकी, भिंतीवरचा तो ताकाचा कागद काढू नकोस मग. काळजी घे.


विजापूर वेस · ११ फेब्रुवारी, दुपारी ४:००

ताई, अभिनंदन आणि तुम्हालाही शुभेच्छा. आईला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी दहा वर्षांचे कागद मागितले, गोळी का सुरू झाली ते कुठेच लिहिलेलं नाही. दुर्बीण पुढच्या गुरुवारी. बी १२ चं रक्त आज दिलंय. तिच्याही पायाला मुंग्या येतात, आम्ही ते वयाचं समजत होतो.


सोलापूरची लेक · ११ फेब्रुवारी, रात्री १०:००

दुर्बिणीच्या आधी गोळी किती दिवस बंद ठेवायची ते त्यांनी सांगितलंय ना? नसेल तर उद्याच फोन करून विचारा, गुरुवारची वाट बघू नका. आणि तुकडे घेणार असतील तर अँट्रम आणि मुख्य भाग, दोन्हीकडचे वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायला सांगा. बी १२ चा आकडा आला की इथे लिहा, मी बघते.